संगणक आपला, परवाना कोणाचा?

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते नावाचे छोटे स्थानक आहे. पेण तालुक्यातल्या या गावातून एक मायलेकी दिवाळीनंतर आमच्याकडे आल्या. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, वडील रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. खुर्चीवर टेकण्याआधीच माऊलीने विचारले, "जयभीम साहेब, पोलीस येतील का हो आमच्या घरी?"

जमिनीचा तंटा असेल, मारहाणीची तक्रार असेल, असे आम्हाला वाटले. निघाले भलतेच. घरातल्या संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी अक्षरे उमटली होती आणि दुकानदाराने सांगितले होते की, हे चोरीचे दिसते, केस होऊ शकते. पुन्हा पंधराशे द्या, पुन्हा फॉरमॅट मारून देतो! इकडे शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून त्याच संगणकात ठेवलेले. आधीच्या फॉरमॅटमध्ये ते एकदा पुसले गेले होते. आता दुसऱ्यांदा जाणार, या धास्तीने मुलगी रडकुंडीला आली होती.

हकिगत अशी. पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडल्या, तारेत दाब चढला आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. संगणक नामांकित कंपनीचा, पण सेकंडहँड घेतलेला. शहरातल्या दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड बसवला, हार्ड डिस्क कोरी केली, 'ओरिजिनल विंडोज' म्हणून पंधराशे रुपये वेगळे घेतले. बिल दिले नाही. जुना बोर्डही परत दिला नाही. बरोबर सहा महिन्यांनी पडद्यावर ती अक्षरे आली. हा केवळ योगायोग नव्हे. त्यामागचा हिशेब आमच्या प्रत्येक घराने समजून घेतला पाहिजे, कारण आज संगणक ही चैन उरलेली नाही. शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरीचा अर्ज, सातबारा हे सगळे त्याच पडद्यातून मिळते.

प्रथम मूळ मुद्दा. दुकानातून आणलेली पेटी आपली, पण आतले विंडोज आपले नसते. त्याचा मिळतो तो वापराचा परवाना. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आले तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने हा परवाना यंत्राला बांधायला सुरुवात केली. डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क, प्रोसेसर, मेमरी असे दहा भाग तपासून संगणकाची जणू अंगठ्याची निशाणी तयार व्हायची. एकाच वेळी बरेच भाग बदलले की निशाणी जुळेना आणि संगणक पुन्हा ओळख मागे. तीस दिवसांत ॲक्टिव्हेशन केले नाही तर एक्सपी आत शिरू देत नसे. आजचे विंडोज तेवढे कडक नाही. ॲक्टिव्हेशन गेले तरी संगणक चालतो. वॉलपेपर, रंग असल्या गोष्टी बदलता येत नाहीत आणि कोपऱ्यात ती अक्षरे राहतात, एवढेच. म्हणजे 'आज फॉरमॅट मारला नाही तर उद्या संगणक बंद पडेल' ही दुकानदाराची भीती निखालस खोटी होती.

परवाने ढोबळमानाने तीन प्रकारचे. संगणकासोबत येतो तो ओईएम. तो त्या यंत्राला, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डाला, जखडलेला असतो. वेगळा विकत घेतात तो रिटेल. जुन्या यंत्रातून काढून तो नव्यात नेता येतो. तिसरा व्हॉल्यूम, म्हणजे कंपन्या-कार्यालयांसाठी घाऊक. त्यातल्या केएमएस पद्धतीत कार्यालयातला एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना मान्यता देतो आणि ती मान्यता १८० दिवसांची असते. घरच्या संगणकाला असला सर्व्हर कुठला? 'क्रॅक' नावाचा प्रोग्रॅम तो सर्व्हर असल्याचे सोंग करतो. जित्याच्या घरात सहा महिन्यांनी अक्षरे का उगवली, याचे उत्तर या १८० दिवसांत आहे. सोंग उतरले आणि मान्यता संपली!

आपल्या घरी काय बसवले आहे ते पाहणे अवघड नाही. विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही पाच इंग्रजी अक्षरे सलग लिहा, एक जागा सोडून तिरकी रेघ द्या, तिला लागून डी, एल, आय ही अक्षरे लिहा आणि एंटर करा. थोड्या वेळाने येणाऱ्या पाटीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो. घरच्या संगणकावर व्हॉल्यूम आणि केएमएस दिसले तर समजावे की पाणी मुरते आहे. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या 'लाइफटाइम की' याही बऱ्याचदा अशाच घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात. कंपनीने त्या बंद केल्या की लाइफटाइमही संपला.

प्रश्न केवळ परवान्याचा असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. क्रॅक चालवण्यासाठी दुकानदार आधी अँटिव्हायरस बंद करतो. घराचा दरवाजा उघडा टाकून पाहुण्याला आत बोलावण्यातला हा प्रकार. अशा एका प्रसिद्ध क्रॅकच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम पसरवले जात असल्याचे सुरक्षा संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले. ज्या संगणकावरून आपली मुले बँकेचे खाते उघडतात, शिष्यवृत्तीच्या खात्यात शिरतात, आधारची माहिती भरतात, त्याच्या किल्ल्या आपण कोणाच्या हाती देतो आहोत?

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येऊ. पोलीस येतील का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी त्यात तरतूद आहे. मात्र वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते. यातला 'जाणूनबुजून' हा शब्द मोलाचा. ज्याला 'ओरिजिनल' सांगून पैसे घेतले, तो फसवला गेलेला ग्राहक आहे, गुन्हेगार नव्हे. पण आपण फसवलो गेलो हे सिद्ध कशाने करायचे? बिलाने. आणि बिल तर मागितलेलेच नाही!

इथे आमच्या कुलाबा जिल्ह्याचा, आजच्या रायगडचा, इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. खोत खंड घ्यायचा आणि पावती द्यायचा नाही. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळाजवळ ती कसत असल्याचा कागद नसायचा. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. पुढे १९४८ च्या कूळकायद्यात जमीनमालकाने खंडाची लेखी पावती दिलीच पाहिजे, असे लिहावे लागले. ज्या जिल्ह्याने पावतीची किंमत अशी मोजली, तिथली शिकलेली पिढी हजारो रुपये मोजून दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडते, ही शोकांतिका नाही तर काय?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकीलही बंधनकारक नाही. रायगडकरांसाठी आयोग अलिबागला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे हक्क कागदावर आहेत. वापरणारे हात हवेत.

हातात बिल असो वा नसो, दुरुस्तीला देण्यापूर्वी चार कामे घरच्या घरी करून घ्यावीत. पहिले, कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या एखाद्या जागी ठेवावी. दुसरे, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचे पान उघडावे. तिथे डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्याचे लिहिले नसेल तर खाते जोडून घ्यावे. तिसरे, आपले विंडोज होम आहे की प्रो, हे वहीत लिहून ठेवावे. नंतर दुसरी आवृत्ती घातली तर जुना परवाना तिला लागू होत नाही. चौथे, मदरबोर्ड बदलायचाच असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा किंवा कंपनीने पर्याय म्हणून दिलेला बोर्ड मागावा. बिघाडामुळे असा बोर्ड बदलला तर ओईएम परवाना नव्याने घ्यावा लागत नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टचे धोरण आहे. जित्याच्या संगणकाचा हक्क विजेने गेला नाही, भलता बोर्ड बसवल्याने गेला.

नुसती मेमरी वाढवली किंवा हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातली तर सहसा काही बिघडत नाही. बोर्ड तोच आणि आवृत्ती तीच असेल तर इंटरनेट लागताच विंडोज स्वतःहून ओळख पटवते. बोर्ड बदलल्यावर हार्डवेअर बदलल्याचा संदेश आला आणि परवाना हस्तांतर करता येण्याजोगा असेल, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूट दाबावे, 'मी नुकतेच हार्डवेअर बदलले आहे' हा पर्याय निवडावा, त्याच खात्याने आत जावे आणि यादीतून आपला संगणक निवडावा. ही सोय २०१६ पासून आहे, पण खाते आधी जोडलेले असेल तरच उपयोगी पडते. आणखी एक साधी गोष्ट. जुन्या संगणकातला बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते आणि चुकलेल्या तारखेमुळे ॲक्टिव्हेशन अडते. अशा वेळी हजारोंचा खर्च सांगितला तर आधी घड्याळ पाहावे!

मायक्रोसॉफ्टचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. ज्या वस्तूवर आपली मालकी कधीच होत नाही तिच्यासाठी गरिबाने पुन्हा पुन्हा पैसे का मोजावेत, हा प्रश्न रास्तच आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० मागते, म्हणून असंख्य चालते संगणक निकालात निघण्याच्या वाटेवर आले. पण याचे उत्तर चोरी हे नाही. उत्तर मुक्त प्रणालीत आहे. पुण्याच्या सी-डॅकचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच सी-डॅक संस्थेने बॉस लिनक्स ही भारतीय प्रणाली तयार केली. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. परवान्याचा खर्च नाही, ॲक्टिव्हेशन नाही, मदरबोर्ड बदलला तरी कोणी जाब विचारत नाही. केरळला जमते ते महाराष्ट्रातल्या आमच्या वाचनालयांना, अभ्यासिकांना का जमू नये?

जित्याच्या मुलीचे काय झाले, हे सांगणे उरले. तिची कागदपत्रे आम्ही पेनड्राइव्हवर घेतली आणि अर्ज त्याच संध्याकाळी आमच्या कार्यालयातल्या संगणकावरून भरला. सर्व पासवर्ड बदलून घेतले. दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. बिल नव्हते, पण रक्कम मोबाइलवरून दिली होती आणि त्याची नोंद होती. अलिबागला जाण्याची वेळ आली नाही. पंधराशे रुपये आठवड्यात परत आले. जुना बोर्ड मात्र भंगारात गेला तो गेलाच. संगणक पुसून त्यावर लिनक्स घातले. पहिले चार दिवस मुलीने कुरकुर केली, आता ती धाकट्या भावाला शिकवते आहे.

आणि एक कबुली. नोटीस लिहून झाल्यावर आम्ही आमच्याच कार्यालयातल्या तीन संगणकांवर ती पाच अक्षरे चालवून पाहिली. अर्ज भरला तो संगणक रिटेल निघाला, नशीब! पण कोपऱ्यातल्या एकावर केएमएस दिसले. कोणा कार्यकर्त्याने सेवाभावाने 'फुकट' घालून दिलेले. कायदा सांगणाऱ्याच्या घरात ही गत! त्याच दिवशी तो संगणक स्वच्छ केला. दुसऱ्याला नोटीस देण्याआधी आपले घर तपासावे, हा धडा आम्हालाही मिळाला.

वाचकांनीही आज संध्याकाळी घरी आणि संस्थेच्या कार्यालयात तेवढेच करावे. आणि दुकानाची पायरी उतरण्याआधी बिल मागावे, एवढेच या निमित्ताने सांगणे आहे.