परवाना नसलेले पाळणाघर आणि कराची वजावट

या स्तंभात एरवी आपण आहार, निद्रा, लसीकरण यांविषयी बोलतो. आजचा विषय कराचा असला तरी झोपेशी त्याचा संबंध आहेच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी गृहिणी शेजारची दोन-चार मुले सांभाळतात, त्यांना वरणभात भरवतात, दुपारी निजवतात. आणि एप्रिल जवळ आला की त्यांचीच झोप उडते. परवाना नाही, मग मिळालेले पैसे दाखवावेत का? दाखवले तर खर्च वजा होईल का?

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की परवाना असो वा नसो, मुले सांभाळून मिळालेले पैसे हे उत्पन्नच होय. रोख मिळाले म्हणून ते निराळे ठरत नाहीत. मात्र खाऊ, खेळणी, लंगोट, प्रथमोपचाराची पेटी, विम्याचा हप्ता असा नेहमीचा व आवश्यक खर्च परवान्यावाचूनही ‘शेड्यूल सी’ या पत्रकात वजा करता येतो. खाण्याच्या पावत्या जपणे जिकिरीचे वाटल्यास सरकारी ठरीव दर घेता येतो: प्रत्येक मुलामागे दिवसाला एक न्याहारी, दोन्ही वेळची जेवणे आणि तीनदा खाऊ. त्यासाठी मुलांची नावे, तारखा व दिलेले खाणे यांची वही ठेवावी लागते. आपल्या पोटच्या मुलांचे खाणे तीत धरता येत नाही. (कोणाला शेंगदाणे सोसत नाहीत, हेही त्याच वहीत टिपून ठेवावे.)

खरी अडचण येते ती घराच्या खर्चापाशी. घराचा जो भाग केवळ व्यवसायासाठीच वापरला जातो, त्याचेच भाडे व वीज वजा होते, असा सामान्य नियम आहे. पाळणाघराला यातून सूट आहे. दिवसा मुले खेळतात त्या दिवाणखान्यात रात्री कुटुंब बसले तरी चालते. पण ही सूट मिळण्यासाठी राज्याच्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे परवाना वा नोंदणी असावी, तिच्यासाठी अर्ज केलेला असावा, किंवा आपल्याला तिची गरजच नसावी. अर्ज फेटाळला गेला वा परवाना रद्द झाला, तर सूट जाते.

‘गरजच नसावी’ हे शब्द पुन्हा वाचावेत. कॅलिफोर्नियात स्वतःच्या मुलांखेरीज एकाच कुटुंबाची मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला परवाना लागत नाही. न्यू जर्सीत पाच मुलांपर्यंतच्या घरगुती पाळणाघराची नोंदणी ऐच्छिक आहे. परवाना नसणे म्हणजे दर वेळी बेकायदा असणे नव्हे, आणि या गैरसमजापायी अनेकजणी हक्काची वजावट सोडून देतात.

ती किती असते? समजा, १,२०० चौरस फुटांच्या घरातील ६०० फूट मुलांसाठी नियमित वापरले, आणि ११ तासांप्रमाणे २५० दिवस काम केले. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी हे २,७५० तास, म्हणजे सुमारे ३१.४ टक्के, जागा निम्मी, म्हणून १५.७ टक्के. भाडे व वीज मिळून २४,००० डॉलर असल्यास पावणेचार हजारांच्या आसपास वजावट होते.

निव्वळ कमाई ४०० डॉलर वा अधिक झाली, की १५.३ टक्के दराचा स्वयंरोजगार कर लागतो. त्याच्या धास्तीने पैसे लपवले जातात. परंतु याच करातून स्वतःच्या नावावर वर्षाला जास्तीत जास्त ४ श्रेयांक जमतात. ते ४० झाले की निवृत्तिवेतनाचा आणि ६५ व्या वर्षी मेडिकेअरच्या रुग्णालयीन विम्याचा विनाहप्ता हक्क मिळतो. पतीच्या नोंदीवरही काही हक्क मिळतात. तरी स्वतःची नोंद असलेली बरी. व्हिसाने कामाची परवानगीच दिलेली नसेल, तर मात्र करसल्लागाराआधी वकिलाला गाठावे.

आपल्या राज्यात परवाना लागतच असेल, तर अर्ज अवश्य करावा. त्या निमित्ताने धूरसूचक चालतो का, औषधे मुलांच्या हाताबाहेर आहेत का, तान्हे बाळ उताणे निजवले जाते का, हेही पाहून होते. अर्जाची तारीख असलेली पोच कराच्या कागदांसोबत जपून ठेवावी.