शिष्यवृत्ती थांबते, तेव्हा कुणाचे मूल मागे राहते?

शिरूर तालुक्यातील पाबळ हे तसे पाण्यासाठी आसुसलेले गाव. पण याच गावात डॉ. श्रीनाथ कालबाग हा शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून आला आणि १९८३ साली त्याने विज्ञान आश्रम उभा केला. विज्ञानाला खेड्याचे वावडे नाही, हे पाबळने सिद्ध केले. मग आमचा सवाल असा की, याच शिरूर-दौंडच्या वीटभट्टीवरील, ऊसतोडीच्या कोपीवरील जे मूल चार वर्षांचे होऊनही बोलत नाही, त्याच्यापर्यंत विज्ञान का पोहोचत नाही?

अशा मुलाला आई देवऋष्याकडे नेते. शेजारी म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग! मास्तर 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवतात. हे भोग आम्ही १९५६ सालीच नाकारले. बुद्धाने दुःखाचे कारण शोधायला सांगितले. कारण शोधणे म्हणजेच संशोधन, आणि संशोधनाला पैसा लागतो.

२०१८ साली देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे आठ मुलांमागे एकाच्या वाढीत मेंदूशी निगडित एखादा तरी दोष आढळला. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या? घरी झालेले बाळंतपण, अपुरे दिवस, जन्मतः कमी वजन, उशिरा रडणे, खुंटलेली वाढ. बांधवांनो, ही यादी कोणत्या वस्तीचा पत्ता सांगते, हे आम्ही वेगळे सांगायला हवे काय? त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा होते. महाराष्ट्रातील एकही जिल्हा नव्हता.

पुण्यात हे काम होऊच शकत नाही, असे नाही. १९८७ ते ८९ दरम्यान जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्याच संस्थेचे ग्रामीण आरोग्य केंद्र शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकला आहे. पाया आहे, उणीव आहे ती वस्तीची बोली जाणणाऱ्या तरुण संशोधकांची.

ते येणार कुठून? केंद्राच्या नव्या संशोधन प्रतिष्ठानाने तरुण शास्त्रज्ञांसाठी तीन वर्षांना साठ लाखांपर्यंत अनुदान ठेवले, पण ते नियमित पदावर असलेल्यांना. आमची मुले पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर राबतात. त्यांनी अर्ज तरी कसा करावा? त्याआधीची पायरी फेलोशिपची. तिच्यासाठी बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ साली आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. अठरा वर्षे मुलाच्या मागे जाणारा अभ्यास, पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याची खात्री नसलेला माणूस करील काय?

बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले, म्हणून १९२३ साली डी.एस्सी. झाले. प्रत्येकाला शाहू महाराज भेटत नाहीत. म्हणून खैरात नव्हे, हक्क हवा.

आणि हक्क कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम २५ दिव्यांगत्वाच्या कारणांचे संशोधन आणि सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्यास सांगते. कलम २८ संशोधनाची जबाबदारी शासनावर टाकते.

आमची मागणी स्पष्ट आहे. बार्टीने बालकांच्या विकासात्मक दिव्यांगत्वावरील संशोधनासाठी वेगळ्या जागा राखाव्यात. फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून, दरमहा मिळावी. केंद्राच्या अनुदानाचे दार कंत्राटी संशोधकांनाही उघडावे. आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून न थांबता त्या आईला तिच्या भाषेत सांगावेत.

तोवर प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा: आमच्या तालुक्यात यंदा किती मुले तपासली? संशोधनावर किती रुपये खर्च केले? उत्तर आले तर कामाला लागू. नाही आले, तर न्यायालयाची वाट आम्हाला ठाऊक आहे.