जॉबवर्कची विज्ञानकथा

'स्टार ट्रेक'च्या भक्तांनी आधीच दीर्घ श्वास घ्यावा. मीही त्यांच्यातलाच आहे. पण 'स्पॉक मस्ट डाय!' या कादंबरीला कोणी 'क्लासिक' म्हटलं की माझं डोकं फिरतं. जेम्स ब्लिश यांनी ती १९७० साली लिहिली. मालिका १९६६ ते १९६९ अमेरिकेत चालली, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने दाखवली. त्या मालिकेवर मोठ्या वाचकांसाठी लिहिलेली ही पहिली स्वतंत्र कादंबरी. (पुढे शेवट फोडला आहे. पुस्तक पन्नाशी ओलांडून गेलंय, तेव्हा तक्रार चालणार नाही.)

सुरुवात मात्र झकास आहे. माणसाला क्षणात इकडून तिकडे पाठवणारं ते ट्रान्स्पोर्टर नावाचं यंत्र आठवतंय ना? डॉक्टर मॅकॉयला प्रश्न पडतो, पलीकडे जो निघतो तो मीच का? आणि आत्म्याचं काय? आपल्या धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो. एका डिस्कवरची फाईल दुसऱ्या डिस्कवर 'मूव्ह' केली, की आत काय होतं? आधी कॉपी, मग मूळ डिलीट. फाईलला त्याचं काही वाटत नाही. पण माणसाला?

मग प्रयोग फसतो आणि यानात दोन स्पॉक उभे राहतात. दोघेही म्हणतात, मीच खरा. इथे मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. आता ब्लिश काय करतात बघा. नकली स्पॉक म्हणजे खऱ्याची आरशातली प्रतिमा, अगदी रेणूंपर्यंत उलटी. त्यामुळे त्याला आपलं अन्न चालत नाही, उलटी अमिनो आम्लं लागतात. इथवर विज्ञान म्हणून कल्पना सुंदर आहे. पण पुढे त्याची निष्ठाही उलटी! तो शत्रूला, म्हणजे क्लिंगॉनांना सामील. झालं, प्रश्नच मिटला. खलनायकाला मारताना कोणाची सदसद्विवेकबुद्धी टोचणार? दोन्ही स्पॉक तितकेच सज्जन असते तर? तर कॅप्टन कर्कला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि लेखकालाही. शेवटी देवासारखे ऑर्गेनियन येतात आणि क्लिंगॉनांना हजार वर्षं अवकाशबंदीची शिक्षा करून गोष्ट आवरतात.

ब्लिश यांना हे झेपलं नसतं असं कृपया म्हणू नका. याच माणसाने १९५८ साली 'अ केस ऑफ कॉन्शन्स' लिहिली. एक जेझुइट शास्त्रज्ञ अशा ग्रहावर जातो, जिथले जीव देव न मानताही नीतीने वागतात, आणि त्याची श्रद्धाच पणाला लागते. त्या कादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आत्मा हा तर त्यांचा घरचा विषय!

मग घोटाळा कुठे झाला? भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्याला जॉबवर्क समजावून सांगावं लागत नाही. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, शेडमधला वर्कशॉपवाला त्याबरहुकूम पार्ट काढतो. भोक इकडचं तिकडे केलं तर माल परत. यात कमीपणा काही नाही, गाडी अशीच बनते. पण कादंबरी अशी बनत नाही. इथे ड्रॉइंग असं, की शेवटच्या पानावर कर्क, स्पॉक, मॅकॉय पहिल्या पानावर होते तसेच्या तसे परत मिळाले पाहिजेत. मग प्रश्न कितीही मोठा विचारा, उत्तराने कोणाला ओरखडाही उठता कामा नये. आणि गंमत म्हणजे पार्ट तरीही रिजेक्ट झाला! १९७९ च्या पहिल्याच 'स्टार ट्रेक' चित्रपटाच्या सुरुवातीला क्लिंगॉन आपली यानं घेऊन हजर. हजार वर्षांची शिक्षा गेली केराच्या टोपलीत.

"अरे, पण ऑर्डरवर लिहिलं की असंच होणार." नाही होत. 'फँटास्टिक व्हॉयेज' या चित्रपटावरून आयझॅक असिमोव्ह यांनी १९६६ साली कादंबरी लिहिली. पटकथेत सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या शरीरातच राहते. ती पुन्हा मोठी झाली की रुग्णाचं काय होणार? असिमोव्ह यांनी हट्टाने तो शेवट दुरुस्त केला. ड्रॉइंग चुकलंय हे सांगायची हिंमत असली की जॉबवर्कमध्येही इंजिनियर दिसतो.

आता जरा घरचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव होतं जयंत नारळीकरांचं. नावाकडे बघून नव्हे, कथा वाचून निकाल लागावा म्हणून त्यांनी नाव लपवलं. त्यांच्या 'वामन परत न आला'मध्येही प्रतींचाच प्रश्न आहे. प्राचीन संस्कृतीने पुरून ठेवलेल्या माहितीवरून बनवलेल्या यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी बनवायचे आहेत. पुढच्या भागासाठी कोणाला सुखरूप राखून ठेवायचं ओझं तिथे नाही, म्हणून प्रश्न शेवटापर्यंत धावतो.

पण आपण काय करतो? यानाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून हिंजवडीला जातो, त्याच लोगोची पुस्तकं ऑर्डर करतो, आणि नारळीकर म्हटलं की "शाळेत एक धडा होता बहुतेक" म्हणतो. लेखकाने नाव लपवून कथा पाठवली, आपण नाव बघूनच पुस्तक उचलतो. जोवर लोगोवर माल खपतोय, तोवर ड्रॉइंग कोण बदलेल?

असो. दोन स्पॉकांपैकी खरा कोण, हे ब्लिश यांनी सांगितलं. प्रत खऱ्याइतकीच चांगली निघाली तर तिला मारायचा हक्क कोणाला, हे सांगायचं राहिलं. मला पुस्तक तेवढ्यासाठीच हवं होतं.