मुखपृष्ठावर चेहरा कोणाचा?

आमच्या पत्रकारितेच्या वर्गातल्या चौघींच्या एका गटाला मी वीसपैकी अठरा गुण दिले. दुसऱ्या दिवशी त्यांतलीच एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही नीट बघितलाच नाही.’ वीस वर्षांच्या नोकरीत गुण जास्त पडल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली.

तशी मी मराठीची. एम. ए. केले ते मराठी साहित्यात. पण कॉलेजात पत्रकारिता हा ऐच्छिक विषय सुरू झाला तेव्हा ‘तुम्ही पेपरात लिहिता ना, मग तुम्हीच घ्या’ असे म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. या वर्षी प्रकल्प म्हणून मी मुलांना चित्रपट मासिकाचे मुखपृष्ठ करायला सांगितले. चित्रपट कल्पनेतला, मासिकही कल्पनेतले. मात्र फोटो स्वतः काढायचा, मजकूर स्वतः लिहायचा आणि कव्हर खरोखर छापून आणायचे. ही कल्पना माझी नव्हे. इंग्लंडमध्ये ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेणारी सतरा-अठरा वर्षांची मुले आपल्या कल्पित चित्रपटाची झलक, पोस्टर आणि मासिकाचे मुखपृष्ठ असा संच करीत. त्यातला मुखपृष्ठाचा भाग मी उचलला, कारण तो आपल्या खिशाला झेपणारा होता.

पहिल्याच तासाला एक अडचण लक्षात आली. वर्गातल्या बहुतेकांनी छापील सिनेमासिक कधी हातातच घेतले नव्हते. नटनट्यांच्या बातम्या त्यांना मोबाईलवर मिळतात. शेवटी सासूबाईंची ट्रंक उघडली. त्या धारवाडकडच्या. त्यांच्या ‘रूपतारा’चे जुने अंक निघाले. माहेरून मी ‘रसरंग’ आणि ‘चंदेरी’चे काही अंक मागवले. टेबलावर सगळे पसरले आणि म्हटले, ‘वाचू नका, नुसते बघा. काय काय आहे ते सांगा.’ मुलांनी बरोबर ओळखले. वर ठळक नाव, मधे एकच मोठा चेहरा, तो चेहरा थेट आपल्याकडे बघतोय, कडेला चार-पाच मथळे, कोपऱ्यात महिना आणि किंमत. एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, दुकानात टांगलेला अंक लांबनं दिसला पाहिजे, म्हणून सगळं वरच्या अंगाला आहे.’ पुस्तकातली व्याख्या मला सांगावीच लागली नाही.

मग नावे ठरली. मराठी गटाने ‘रुपेरी’ घेतले, कन्नड गटाने ‘बेळ्ळितेरे’. दोन्ही भाषांनी पडद्याला चांदीचाच म्हणावे याची वर्गात गंमत वाटली. पण खरी गंमत पुढे झाली. १९८९ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘एम्पायर’ या मासिकाची मुखपृष्ठे मुलांनी पाहिली होती. त्यात नटाचे डोके नावाच्या मधल्या अक्षरांवर येते, तरी नाव वाचता येते. आमच्या मुलांनीही नायिकेचा अंबाडा ‘रुपेरी’वर चढवला. ‘पे’वरची मात्रा केसांत गेली आणि मासिकाचे नाव झाले ‘रुपरी’! आपली मात्रा, वेलांटी, रफार हे सगळे शिरोरेषेच्या वर. तिथे डोके ठेवले की शब्दच बदलतो. कन्नडचे नेमके उलटे. तिथे ओत्तक्षर खाली लोंबते. ‘बेळ्ळितेरे’वाल्यांनी नावाखाली पिवळी पट्टी मारली आणि खालचा ‘ळ’ पट्टीखाली गाडला गेला. तपासायला घरी आणलेले ते कव्हर सासूबाईंनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, ‘याव बेळि? जोळद्देनु?’ चंदेरी पडद्याचे जोंधळ्याचे पीक झाले होते! तेव्हापासून वर्गात नियमच झाला, की मराठी नावाला डोक्यावर जागा सोडायची, कन्नड नावाला पायाशी. आणि दोन्हींना कडेने तीन मिलिमीटर जास्तीचा रंग ठेवायचा, नाहीतर कटिंग मशीन वेलांटी कापून नेते.

अशा चुका सापडत होत्या, सुधारत होत्या. त्यामुळे चौघींच्या त्या गटाचे कव्हर हातात आले तेव्हा मी खूशच झाले. त्यांचा कल्पित चित्रपट खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा. ती बस कंडक्टर होते, अशी गोष्ट. फोटोही झकास. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, बसच्या दांड्याला धरलेला हात गालाशेजारी आणि नजर सरळ आपल्यावर. नाव नीट वाचता येत होते, मथळे नेटके होते, किंमतसुद्धा विसरल्या नव्हत्या. मी तक्त्याप्रमाणे गुण भरत गेले. नाव पाच, मांडणी पाच, मजकूर चार, छायाचित्र चार. वर शेरा लिहिला, ‘नायिका फारच छान दिसते आहे.’

दाराशी आली होती ती हीच नायिका. तिच्या घरी कन्नड बोलतात. एरवी माझ्याशी ती मराठीतच बोलते. त्या दिवशी कव्हर माझ्यापुढे ठेवून ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, इदु नानल्ल री.’

मी पुन्हा बघितले आणि मग दिसले. चेहरा गव्हाळसुद्धा नव्हे, दुधात केशर घातल्यासारखा गोरा. आणि त्याच्या शेजारीच, एका बोटाच्या अंतरावर, दांड्याला धरलेला हात मात्र तिचा स्वतःचा, चांगला सावळा. एकाच मुलीचे दोन रंग एकाच कागदावर आणि मी त्याला छायाचित्राचे पाचपैकी चार गुण दिले होते. तो कापलेला एक गुणसुद्धा कशाचा, तर मागे बसची खिडकी वाकडी आली होती त्याचा.

डीटीपीवाल्याकडे मी स्वतः गेले. माणूस चांगला. म्हणाला, ‘मॅडम, प्रिंटला काळपट येतं हो, म्हणून जरा उजळ केलं. सगळ्यांचंच करतो.’ त्याच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश मिसळतात. छपाईत सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकमेकींवर बसतात. म्हणून पडद्यावर बरे दिसणारे चित्र कागदावर पुष्कळदा गडद उतरते आणि छापण्याआधी थोडे उजळावे लागते. पण ते सगळे चित्र उजळायचे असते. शर्ट, हात, खिडकी, सगळे. एकट्या चेहऱ्यावर ब्रश फिरवणे ही छपाईची गरज नव्हे, ती आपल्या मनातली आवड. हे मी त्याला सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘लग्नाच्या फोटोंना असं केलं नाही तर लोक परत आणतात, मॅडम.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन जुनी मुखपृष्ठे पुन्हा चाळली. बाबूराव पटेलांनी १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ सुरू केले. त्याची मुखपृष्ठे रंगवणाऱ्यांत एस. एम. पंडित होते. हा चित्रकार आपल्याच बाजूचा, १९१६ साली गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, जन्मलेला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळ गोव्याचे. त्यांच्या मुखपृष्ठांशिवाय एके काळी मराठी घरात दिवाळी होत नसे. या तिघांच्या हाताची थोरवी मी काय सांगणार! पण एक गोष्ट आजवर माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या काळचे चित्रपट बहुतेक काळे-पांढरे. कन्नडमधला पहिला संपूर्ण रंगीत चित्रपट ‘अमरशिल्पी जकणाचारी’ आला तो १९६४ साली. म्हणजे तोवर नटीचा रंग कसा आहे हे पडद्यावर बहुतेक वेळा कळतच नव्हते. तो दिसे फक्त मुखपृष्ठावर, आणि तिथे तो ठरवी कुंचला. गुलाबी गाल, लोण्यासारखे कपाळ बघत आपल्या आज्या, आया वाढल्या. आपणही तेच सौंदर्य म्हणून मनात ठेवले. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ‘ग्लो’ आला. डब्यावरचे नाव बदलायला एक दिवस पुरतो. डोळ्यांवरची सवय कुठे अशी जाते?

डीटीपीवाल्याला दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण खरी चूक माझी. मुलांना मी अक्षर झाकू नका म्हणून शिकवले. मात्रा झाकली तर शब्द बदलतो हे मला दिसले. रंग झाकला तर माणूस बदलते हे दिसले नाही. वर ‘छान दिसते आहे’ असा शेरा. तो शेरा वाचून त्या पोरीला काय वाटले असेल? जी दिसत होती ती ती नव्हतीच. म्हणजे मॅडमना ती स्वतः छान दिसत नाही, असाच त्याचा अर्थ होतो ना?

मी वर्गात ही गोष्ट तिची परवानगी घेऊन सांगितली. कव्हर पुन्हा छापायचे ठरले, खर्च मी दिला. यावेळी तिच्या मैत्रिणींनी फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात घेतला. दुपारी डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली सावल्या पडल्या होत्या, त्या गेल्या. पुढे एकीने पांढरा चार्ट पेपर धरला, त्यावरून उजेड चेहऱ्यावर आला. डीटीपीवाल्याने सगळे चित्र सारखे उजळले, आधी एक नमुना काढला आणि स्वतःहून तिला विचारले, ‘अक्का, बरोबर आहे?’ तिने हात कागदाशेजारी धरून बघितला आणि मान हलवली.

गुणांच्या तक्त्यात आता मी एक ओळ वाढवली आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला छापण्याआधी दाखवले का? त्यालाही गुण. मांडणीचे पाच होते, ते त्यासाठी विभागावे लागले तरी हरकत नाही.

गोष्ट इथे गोड संपवता आली असती. पण ती मुलगी दोन्ही कव्हरे घरी घेऊन गेली. तिच्या आजीने पहिलेच पसंत केले. म्हणाली, हेच ठेव, पुढे उपयोगाला येईल. कशाच्या उपयोगाला, ते तुम्हाला-मला सांगायला नको. मुलीने आजीशी वाद घातला नाही. पहिले आजीला देऊन टाकले आणि दुसरे स्वतःच्या अभ्यासाच्या टेबलावर, भिंतीला चिकटवले. हे तिनेच मला सांगितले आणि हसली.

वाचकहो, तुमच्या घरी सिनेमासिकाचे कव्हर कोणी करत नसेल. पण वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, लग्नाची पत्रिका असते, स्थळाला पाठवायचा फोटो असतो. स्टुडिओतला माणूस विचारतो, ‘जरा उजळ करू?’ आपण सवयीने हो म्हणून टाकतो. मीही माझ्या भाचीच्या फोटोला दोन वर्षांपूर्वी हो म्हटले होते. तेव्हा तिला विचारायचे मला सुचलेच नाही. येत्या सुट्टीत ती येणार आहे. विचारणार आहे.