सरांना किती गुण?

मित्रमैत्रिणींनो, पेपर कोण तपासतं? शिक्षक! गुण कोण देतं? तेही शिक्षकच! पण समजा, उलटं झालं तर? नवे सर वर्गात पाऊल टाकायच्या आधीच गावातल्या मंडळींनी कट्ट्यावर बसून त्यांचा निकाल लावला तर? 'दहापैकी नऊ, उत्तम!' नाहीतर 'दहापैकी तीन, नापास!' हसू आलं ना? अमेरिकेत मात्र दर हिवाळ्यात अगदी हेच चालतं, बरं का!

तिथं कॉलेजच्या फुटबॉल संघांचा हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. तो संपला, की संघ नवे सहायक प्रशिक्षक नेमतात. झालं! लगेच वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी आणि लाखो चाहते या नव्या मंडळींना गुण द्यायला बसतात. पहिला सामना खेळायला अजून सात-आठ महिने असतात, तरी निकाल तयार!

आता आधी हा फुटबॉल कुठला ते सांगतो. पायानं खेळायचा आपला फुटबॉल तो हा नव्हे. यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, थोडाफार सोललेल्या नारळासारखा. तो हातात धरून पळायचं, किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. मैदान १०० यार्डांचं. मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ जण. चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे! चेंडू पार शेवटच्या पट्ट्यात पोचवला, की झाला 'टचडाऊन' आणि मिळाले ६ गुण. ज्याच्या हातून बहुतेक फेकी होतात, तो 'क्वार्टरबॅक'. त्या फेकी झेलायला धावतात ते 'रिसीव्हर'.

गंमत म्हणजे आक्रमण करणारे ११ वेगळे आणि बचाव करणारे ११ वेगळे. म्हणून प्रशिक्षकही वेगवेगळे. आपल्या क्रिकेट संघाबरोबर फलंदाजीचे, गोलंदाजीचे, क्षेत्ररक्षणाचे निरनिराळे प्रशिक्षक असतात ना, तसंच. २०१८ सालापासून कॉलेजच्या मोठ्या संघांना मुख्य प्रशिक्षकाखेरीज १० सहायक प्रशिक्षक ठेवता येऊ लागले. टीव्हीवर दिसतो तो मुख्य प्रशिक्षक. पण रोज घाम गाळत, 'पाय इथं ठेव, नजर तिथं ठेव' असं शिकवतात ते हे सहायक. मग त्यांची पारख करायची तरी कशी? चला, एकाच संघाच्या दोन खऱ्या गोष्टी पाहू.

लुइझियाना हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं राज्य. तिथल्या बॅटन रूज शहरात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिच्या 'टायगर स्टेडियम'मध्ये एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात! २०१८ साली या संघानं १३ पैकी १० सामने जिंकले. वाईट नाही. पण चेंडू फेकून आक्रमण करण्यात हा संघ मागं पडायचा. मुख्य प्रशिक्षक होते एड ऑर्जेरॉन. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी आक्रमणातल्या फेकींची बाजू सांभाळायला जो ब्रॅडी यांना आणलं. ब्रॅडींचं वय २९! आधीची दोन वर्षं ते न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघात मदतनीस होते. कॉलेजच्या संघाच्या आक्रमणाची मोठी जबाबदारी त्यांनी तोवर कधी पेललेली नव्हती. नुसतं नाव आणि अनुभव पाहून गुण द्यायचे, तर सांगा, तुम्ही किती दिले असते?

आता पुढं ऐका. पूर्वी हा संघ क्वार्टरबॅकच्या संरक्षणाला जास्त गडी मागं ठेवायचा. आता एकाच वेळी पाच-पाच जण चेंडू झेलायला मैदानभर पांगू लागले. बचाव करणाऱ्यांची पंचाईत! कुणाकुणामागं धावायचं? क्वार्टरबॅक होता जो बरो. २०१८ मध्ये त्याच्या १०० फेकींपैकी साधारण ५८ साथीदारांच्या हाती पडत. २०१९ मध्ये ७६! २०१८ मध्ये त्याच्या फेकींवर १६ टचडाऊन झाले होते, २०१९ मध्ये झाले ६०! संघाची सरासरी सामन्याला सुमारे ३२ गुणांवरून ४८ वर गेली. १५ सामने खेळले, १५ जिंकले. १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेम्सनला ४२-२५ असं हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. अमेरिकेत १९९६ पासून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला 'ब्रॉइल्स पुरस्कार' देतात. २०१९ चा पुरस्कार मिळाला अर्थातच ब्रॅडींना.

'मग काय, ब्रॅडींना दहापैकी दहा!' असं म्हणालात ना? थांबा, थांबा. घाई नको.

तुम्ही शास्त्राच्या तासाला कुंडीतल्या रोपांचा प्रयोग केलाय ना? एक कुंडी उन्हात ठेवली, तिला खतही घातलं आणि पाणीही वाढवलं. रोप तरारलं. आता सांगा, कशामुळं? ऊन, खत की पाणी? सांगता येत नाही! एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच नेमकं कारण कळतं. खेळाच्या मैदानावर मात्र सगळंच एकदम बदलत असतं.

बरो २०१८ मध्येच दुसऱ्या कॉलेजातून इथं आला होता. २०१९ पर्यंत तो संघात चांगला रुळला होता. जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे त्याचे रिसीव्हर एका वर्षानं मोठे आणि तरबेज झाले होते. क्वार्टरबॅकच्या पुढं भिंतीसारखे उभे राहणाऱ्या गड्यांना त्या वर्षी देशातली सर्वोत्तम फळी म्हणून 'जो मूर पुरस्कार' मिळाला. आणि आक्रमणाचे प्रमुख होते अनुभवी स्टीव्ह एन्समिंगर. ब्रॅडी त्यांच्या जोडीला होते. नव्या पोराची कल्पना आपली मानून राबवायला या ज्येष्ठ माणसाचं मनही मोठं लागलं असणार, नाही का? तेव्हा ब्रॅडींचा वाटा मोठा, यात शंका नाही. पण सगळाच्या सगळा? तसं म्हणता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट. विजेतेपद मिळाल्यावर ब्रॅडी व्यावसायिक संघात गेले. बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा हेही दुसऱ्या कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. त्यांच्या जागी ऑर्जेरॉननी बो पेलिनींना आणलं. पेलिनी म्हणजे मोठं नाव! याच कॉलेजात त्यांनी २००५ ते २००७ बचाव सांभाळला होता, आणि २००७ च्या हंगामात संघ राष्ट्रीय विजेता ठरला होता. पुढं नेब्रास्का इथं सात वर्षं ते मुख्य प्रशिक्षक होते. सातही वर्षं त्यांच्या संघानं निदान नऊ-नऊ सामने जिंकले. कागदावर पाहिलं तर नऊ गुण कुठं गेले नाहीत!

आणि झालं काय? २६ सप्टेंबर २०२० ला पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर, मिसिसिपी स्टेटशी. त्यांच्या क्वार्टरबॅकनं फेकींवर ६२३ यार्ड कमावले! त्या संपूर्ण विभागाच्या इतिहासातला हा विक्रम. सामना गेला ३४-४४ असा. त्या हंगामात संघ पाच सामने जिंकला, पाच हरला. पेलिनींचा करार तीन वर्षांचा होता, पण एकाच हंगामात त्यांना निरोप मिळाला.

मग पेलिनींना भोपळा? पुन्हा थांबा! विजेत्या संघातले १४ खेळाडू २०२० मध्ये व्यावसायिक संघांनी निवडून नेले होते. मार्चपासून करोनाच्या साथीमुळं सरावच बंद पडला होता. नवा बचाव शिकवायचा, तर मुलं समोर नकोत? पहिल्या सामन्यात तर बचावातला सर्वांत गुणी खेळाडू डेरेक स्टिंगली आजारपणामुळं खेळलाच नाही. हे सगळं पेलिनींच्या बाजूचं. पण एक गोष्ट त्यांच्या विरुद्धही जाते. एकामागं एक गडी लावायची त्यांची पद्धत पहिल्या सामन्यातच फसत होती, समोरचे गडी मोकळे सुटत होते, तरी डाव पुरेसा बदलला नाही. पुढच्या सामन्यांतही तशाच चुका दिसत राहिल्या. चूक होणं वेगळं, आणि तीच चूक आठवड्यामागून आठवडे होत राहणं वेगळं.

ऑर्जेरॉननी मग २०२१ साठी काय केलं, ठाऊक आहे? ब्रॅडींबरोबर काम केलेलीच माणसं आक्रमणासाठी बोलावली! म्हणजे एकदा लाडू छान झाले, म्हणून तोच डबा, तीच कढई. पण रवा, तूप, साखर निराळी! संघ सहा सामने जिंकला, सात हरला. आणि विजेतेपदानंतर दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, खुद्द ऑर्जेरॉननाच हंगामाअखेर जावं लागणार असं जाहीर झालं. पाहिलंत? गुण देणाऱ्यांचा खेळ होतो, पण ज्याला गुण मिळतात त्याची नोकरी पणाला लागलेली असते. त्याच्या घरचं सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला हलतं.

मग पारख करायचीच नाही का? करायची तर! पण नीट. त्यासाठी चार प्रश्न लक्षात ठेवा. पहिला : हे प्रशिक्षक आल्यावर खेळाडूंना असं काय येऊ लागलं, जे आधी येत नव्हतं? दुसरा : त्याच वेळी आणखी काय काय बदललं? तिसरा : शिकवायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला का? चौथा : चूक झाल्यावर त्यांनी काही बदललं, की तीच चूक पुन्हा होऊ दिली? यात 'नाव किती मोठं?' हा प्रश्न नाही, हे ध्यानात आलं ना? आणि नुसतं 'जिंकले की हरले?' हाही नाही. जानेवारीत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं. म्हणून तेव्हा दिलेले गुण म्हणजे फक्त अंदाज. अंदाज जरूर बांधावा, पण त्याला निकाल म्हणू नये.

आता तुमच्याकडे वळू. जूनमध्ये शाळेत नवे सर किंवा नव्या बाई येतात. खो-खोच्या, कबड्डीच्या संघाला नवे मार्गदर्शक मिळतात. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत काय चालतं? 'आधीचे सरच भारी होते!' 'या बाई फारच कडक दिसतात!' खरं की नाही? आणि वर्षाअखेर गणितात कमी गुण पडले, की खापर कुणाच्या डोक्यावर? तुम्ही स्वतः किती सराव केला, हे मात्र कुणी विचारत नाही!

तेव्हा एक करून पाहा. नवे सर आले, की वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घाला. आज आपल्याला काय येत नाही, ते प्रामाणिकपणे लिहा. 'अपूर्णांकांचा भागाकार अडतो.' 'खो देताना पाय अडखळतो.' सरांविषयी एक अक्षरही लिहू नका. पान दुमडून ठेवा आणि थेट दिवाळीच्या सुट्टीत उघडा. मग तेच चार प्रश्न विचारा, आणि पाचवा स्वतःला : शिकवलं ते आपण शिकलो का?

मग सरांना खुशाल गुण द्या. पण त्याच पानावर, शेजारी, स्वतःलाही द्या हं! भेटू पुढच्या आठवड्यात.