ऐन वेळचे विषय

कोणत्याही सभेची नोटीस काढून पाहा. गृहरचना संस्था असो, ग्रामसभा असो की भजनी मंडळाची वार्षिक बैठक असो, पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. मधले चार-दोन विषय हिशेबाचे असतात. आणि शेवटचा विषय जणू छापूनच ठेवलेला असतो: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा.

इतिवृत्ताच्या वेळी मंडळी पेंगत असतात. हिशेब मंजूर करताना हात वर जातात आणि जांभया दडवल्या जातात. पण 'आता ऐन वेळचे विषय' असे शब्द कानी पडले, की मागल्या रांगेतला गृहस्थ खुर्ची पुढे ओढतो, कोपऱ्यातली आजीबाई पदर सावरून बसते, आणि पाण्याच्या टाकीपासून परवाच्या लग्नातल्या जिलेबीपर्यंत सगळे सभेपुढे येते. सभा खरी सुरू होते ती इथे.

ज्या कोणी हा शेवटचा विषय पहिल्यांदा नोटिशीत घातला, त्याला माणसांची पारख असली पाहिजे. माणसे कामासाठी जमतात हे खरे. पण जमलेली माणसे पुन्हा पुन्हा येत राहतात, ती बहुतेक वेळा अवांतराच्या ओढीने. आपल्याकडे 'अवांतर' हा शब्द थोडा नाक मुरडूनच उच्चारला जातो. 'अवांतर बोलू नका' असे मास्तर वर्गात सांगतात आणि साहेब कचेरीत. म्हणून या बिचाऱ्या शब्दाची बाजू आज जरा मांडावी म्हणतो, आणि त्यासाठी वाचकांना पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसवतो.

या मार्गाला अनोळखी माणसांना एकत्र आणायची खोड जुनीच आहे. पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली १८५८ साली. घाटातला लोहमार्ग पुरा झाला १८६३ साली. मधली पाच वर्षे उतारू खंडाळ्याला गाडी सोडून पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी घाट उतरत आणि खोपोलीला पुढची गाडी धरीत. घाट उतरता उतरता त्यांनी एकमेकांची गावे आणि गोत्रे विचारली नसतील असे कोण म्हणेल? पुण्याहून लोणावळ्यापर्यंतची लोकल मात्र बरीच अलीकडची, १९७८ सालच्या मार्चमधली. अंतर सुमारे ६४ किलोमीटर. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड अशी मावळातली माणसे गोळा करीत ती आकुर्डी, चिंचवड, पिंपरीच्या कारखान्यांकडे आणि पुढे खडकी, शिवाजीनगर, पुण्याकडे जाते. संध्याकाळी तीच माणसे ती जागच्या जागी परत ठेवते.

या डब्यातल्या सभेची गंमत अशी, की तिला विषयपत्रिकाच नाही. जो तो ज्या कामासाठी गाडीत बसला आहे ते काम, म्हणजे मुक्कामी पोचणे, मोटरमन परस्पर पार पाडीत असतो. उतारूंनी त्यावर ठराव करण्याजोगे काही उरत नाही. उरतात ते सगळे ऐन वेळचे विषय. अध्यक्ष नाही, म्हणून परवानगीचाही प्रश्न नाही. सभासदत्वाची वर्गणी म्हणजे मासिक पास, आणि तीसुद्धा रेल्वेकडे जमा होते.

मग बोलणे कशावर होते? कशावर होत नाही ते विचारा. इंद्रायणी तांदळाचा भाव, मुलीसाठी आलेले स्थळ, गुडघेदुखीवरचे तेल, निवडणूक, पाऊस, क्रिकेट. वडगाव आले की कोणाला तरी १७७९ साल आठवते. त्या सालच्या जानेवारीत राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज घाट चढून या मावळात आली, तळेगावापर्यंत पोचली आणि मागे फिरताना वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ स्टुअर्ट नावाचा इंग्रज कप्तान तोफेच्या गोळ्याने पडला. मावळातल्या लोकांच्या जिभेवर त्याचे नाव झाले 'इष्टूर फाकडा', आणि वडगावला त्याची समाधीही आहे. आता पाहा. लढाई हा त्या वेळचा मुख्य विषय होता. तहाची कलमे हा तर सरकारी दप्तरातला विषय. ती कलमे आज किती जणांना सांगता येतील? पण शत्रूच्या एका शूर माणसाला लोकांनी सहज बोलता बोलता दिलेले 'फाकडा' हे बिरूद अडीचशे वर्षांच्या घरात आले तरी टिकून आहे. अवांतराची पुण्याई ही अशी असते.

डब्यात एकमेकांची नावे पुष्कळदा ठाऊकच नसतात. 'तळेगावचे मास्तर', 'देहूरोडचे डेपोवाले', 'कान्ह्याचे दूधवाले', 'अँटिबायोटिक्समधल्या बाई' एवढ्यावर वर्षानुवर्षे भागते. गाव आणि धंदा सांगितला की ओळख पुरी झाली. ही रीत नवी वाटेल, पण मळवली स्टेशनात उतरून कार्ल्याची लेणी चढून जा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात ज्यांनी खांब दिले, दार करवले, त्यांचे लेख दगडात कोरलेले आहेत. कोणी वैजयंतीचा शेठ आहे, कोणी धेनुकाकटचा गंधी आहे, कोणी तिथलाच सुतार आहे, कोणी यवन आहे. सगळे आपापल्या उद्योगाने या घाटवाटेशी बांधलेले. गाव अमुक, धंदा अमुक, एवढेच लिहून ते मोकळे झाले. या मंडळींना आपल्या सकाळच्या लोकलमध्ये आणून बसवले, तर तळेगाव येईपर्यंत ती मिसळून जातील आणि गंध्याला कोणीतरी उदबत्तीचा भाव विचारील.

विषयपत्रिका नाही म्हणून या सभेला नियम नाहीत असे मात्र समजू नये. नियम आहेत आणि ते बरेच कडक आहेत. पगार विचारायचा नाही. उसने पैसे मागायचे नाहीत. बढती मिळाली, मुलगा पास झाला, नातू झाला, तर पेढे आणायचे, आणि पेढ्यांची वाट पाहायला लावायची नाही. वाद कितीही पेटला तरी आपले स्टेशन आले की तो तिथेच टाकून उतरायचे, आणि दुसऱ्या दिवशी चढताना कालचा रुसवा बरोबर आणायचा नाही. सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे कचेरीचे रडगाणे. साहेबाने फाइल कशी परत पाठवली हे कोणी सांगू लागला, की चार जण एकदम म्हणतात, 'अहो, विषय सोडून बोलू नका!' जगात ज्याला मुख्य विषय म्हणतात तोच इथे विषयांतर ठरतो. बायकांच्या डब्यात तर बोलता बोलता मेथी निवडून होते, भिशीचा नंबर लागतो, संक्रांतीचे हळदीकुंकू होते. खंडेनवमी-दसऱ्याला झेंडूची तोरणे चढतात आणि दिवाळीच्या आधल्या आठवड्यात फराळाचे डबे हातोहात फिरतात.

यावर शहाणी माणसे म्हणतील, 'हा सगळा वेळ फुकट!' त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. लोणावळ्याहून पुण्याला जाऊन परत येणाऱ्याचे, जातायेता सव्वा-सव्वा तास धरला, तर दिवसाचे अडीच तास गाडीत जातात. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर ७५० तास झाले. म्हणजे रात्रंदिवस मिळून एकतीस दिवस, वर्षातला एक अख्खा महिना. तीस वर्षांच्या नोकरीत अडीच वर्षे. माणसाच्या आयुष्यातली अडीच वर्षे अवांतर म्हणून खर्ची टाकायची असतील तर शहाण्यांनी खुशाल टाकावीत. निदान ती कोणाबरोबर गेली याची चौकशी तरी करावी.

त्या चौकशीतून काय निघते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, कामशेतचा एक गृहस्थ आहे. अठरा वर्षे तो सकाळच्या ठरलेल्या गाडीने पिंपरीला कारखान्यात जातो आहे. एक दिवस कारखान्याला टाळे लागते. घरी सांगायचा धीर होत नाही. बायको नेहमीसारखी पोळीभाजी बांधून देते, तो नेहमीसारखा गाडीत चढतो. घरात दहा दिवस कोणाला शंका येत नाही. डब्यातल्या मंडळींना मात्र पहिल्याच दिवशी कळते, कारण पिंपरी येते आणि हा जागचा उठत नाही.

कोणी काही विचारीत नाही. भाताच्या पिकावरून वाद चाललेला असतो तो तसाच पुढे चालू राहतो. कासारवाडीच्या सुमाराला समोरचा माणूस खिडकीबाहेर पाहत, कोणाला उद्देशून नाही अशा बेताने, म्हणतो, 'आमच्या मेव्हण्याच्या वर्कशॉपात भोसरीला एक मुरलेला माणूस पाहिजे म्हणत होते. कोणी असला तर सांगा बुवा.' आणि पुन्हा भाताचा विषय निघतो.

हेच बोलणे कोणी समोर बसवून, खांद्यावर हात ठेवून, मुद्द्याचे म्हणून काढले असते तर त्या गृहस्थाची मान खाली गेली असती. मदत विषय होऊन पुढे आली, की घेणारा लहान होतो. ती अवांतराच्या आडून आली म्हणून त्याला घेता आली. कचेरी आपले काम मोजते, घर आपला पगार मोजते. आपण कोठे उठलो आणि कोठे नाही उठलो एवढेच ज्यांच्या ध्यानात राहते अशी चार माणसे आयुष्यात असावी लागतात. ती अर्ज करून मिळत नाहीत. वर्षानुवर्षे वायफळ बोलून ती कमवावी लागतात.

आता दुसरी बाजू. अड्डा म्हटला की त्याला कुंपण येते. चार जणांच्या बाकावर आधीच रुमाल टाकून ठेवायचे, ब्रीफकेसवर पत्ते मांडायचे आणि लेकुरवाळी बाई उभी असली तरी पान टाकण्यात गर्क राहायचे, हेही याच डब्यांत घडते. नवख्या माणसाला 'इथे आमचे जोशी बसतात' असे सांगणारा आवाज गोड असला तरी तो दरवाजा लावण्याचाच आवाज असतो. बोलण्याच्या भरात कोणाच्या जातीवर, कोणाच्या गावावर, गैरहजर माणसाच्या सुनेवर घसरणारी जीभही आपण ऐकली आहे. कंड्या पिकतात त्याही इथेच. अवांतराला अध्यक्ष नसतो हे त्याचे सुख आहे. म्हणूनच प्रत्येकाने आपल्यापुरते अध्यक्ष होणे भाग पडते. जो अड्डा नवख्याला अर्धी जागा देत नाही त्याचे अवांतर लवकरच शिळे होते, कारण तेच चार जण तेच चार विनोद एकमेकांना सांगत राहतात.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे गाड्या बंद झाल्या, तेव्हा या साऱ्याची किंमत कळली. पुष्कळांचे काम घरातून चालू राहिले. संगणकाच्या पडद्यावर सभा भरल्या, वेळेवर सुरू झाल्या आणि वेळेवर संपल्या. त्यांत सगळे विषय मुद्द्याचे होते. फक्त नोटिशीतला तो शेवटचा विषय गळाला होता. बोलणे झाले की ज्याचा त्याचा चेहरा पडद्यावरून जाई, आणि तो मावळतीला कसा दिसला, खोकत होता का, हे पाहायला शेजारी कोणी नसे. गाड्या पुन्हा धावू लागल्यावर अनेक डब्यांतली जुनी बाके पूर्ववत भरली नाहीत. कोणी निवृत्त झाले होते, कोणी मोटारसायकल घेतली होती, आणि काही जागांविषयी कोणी विचारले की उत्तर द्यायला कोणी धजत नव्हते.

आज गाडीत गर्दी आहे, पण पुष्कळ कानांत बोंडे आहेत आणि पुष्कळ डोळे हातातल्या पडद्यावर आहेत. तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. दिवसभर माणसांत राबणाऱ्याला तासभर एकटे राहावेसे वाटले तर तो त्याचा हक्क आहे. शिवाय तेही पडद्यावर कोणाशी तरी अवांतरच बोलत असतात. माणसाची ती भूक मेलेली नाही. माझे म्हणणे एवढेच, की पडद्यापलीकडच्या मित्राला पिंपरी आली तरी आपण उठलो नाही हे दिसत नाही. ते शेजारच्यालाच दिसते.

तेव्हा या दिवाळीत फराळाचा डबा थोडा जास्त भरा. नेहमीच्या मंडळींना तो मिळेलच. पण दारापाशी उभ्या असलेल्या, गेल्या महिन्यापासूनच येऊ लागलेल्या पोरालाही एक चकली द्या, आणि बाकावर थोडे सरकून घ्या. विषय कोणता काढावा याची चिंता नको. चकली खुसखुशीत झाली की मऊ पडली, यावरून देहूरोडपर्यंत सहज जाता येते. आणि नेहमीचा कोणी लागोपाठ दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कामशेतला उतरून त्याचे दार वाजवा. काय काम काढले, असे त्याने विचारले, तर सांगा, 'काही नाही, सहज आलो होतो.'