नाथसागरावरची सावली

समुद्रगवत हा शब्द समुद्रापासून दूर असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाचकास परका वाटेल. उथळ समुद्रात पाण्याखाली वाढणारी ही सपुष्प वनस्पती धक्के आणि भिंती उभ्या राहिल्या की विरळ होते. धक्क्याची सावली पडते. भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ करतात. प्रकाशावाचून हिरवे पान जगत नाही. गोड्या पाण्यासही हा नियम लागू असल्याने, नेवासे व शेवगाव तालुक्यांना भिडलेल्या नाथसागराच्या संदर्भात त्याचा विचार अगत्याचा ठरतो.

जायकवाडीच्या या जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावास मच्छीमार कहार समाजाच्या संघटनेने आव्हान दिले होते. ते 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. विजेची निकड कोणी नाकारीत नाही. पॅनेलखाली बाष्पीभवन घटते हा लाभही, नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून दरसाल वाद झडत असताना, क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तथापि जमाखर्चाला दुसरी बाजू असते. धरणाचा एकूण साठा सुमारे 102 अब्ज घनफूट आणि पाणपसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर; भागाकार केल्यास सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच निघते. काठ तर याहून पुष्कळ उथळ. पाणवनस्पती रुजतात त्या तेथेच, मासळीची पिले वाढतात आणि चांदव्यांचे थवे चरतात तेही तेथेच. 1986 मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले, त्यामागे हा उथळपणाच आहे.

वीज युनिटांत मोजतात, वाचलेले पाणी घनफुटांत. जाळ्यात कमी आलेली मासळी मात्र प्रकल्पाच्या ताळेबंदात येत नाही. अर्थशास्त्र यास बाह्य परिव्यय म्हणते. साध्या भाषेत, दुसऱ्याच्या खिशातून केलेला खर्च!

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात धक्क्यांच्या तक्तपोशीत प्रकाश झिरपू देणारी जाळी बसवावी लागते. येथेही पॅनेलच्या रांगांत अंतर ठेवून उथळ पट्टा मोकळा सोडता येईल. परंतु भरल्या जलाशयात खोल भासणारी जागा मे महिन्यात काठ होऊन बसते. तेव्हा हद्द आखावयाची ती उन्हाळ्यातील नीचांकी पातळी धरूनच. आणि पहिले पॅनेल पाण्यात उतरण्यापूर्वी निदान एका वर्षाची मासळीची व पाणवनस्पतींची नोंद झाली पाहिजे. अन्यथा उद्या नुकसानीचा दावा घेऊन येणाऱ्या कोळ्याजवळ पुरावा कोणता असणार?